नायट्रोजन भरूनही चिवडा खवट का होतो? पॅकिंगची तपासणी, पायरी-पायरीने

पाकीट टम्म फुगलंय म्हणजे नायट्रोजन नीट भरला गेला, ही समजूत आधी सोडून द्या. कॉम्प्रेसरची साधी हवा भरली तरी पाकीट तितकंच फुगतं. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. पाकिटात तो दोन टक्क्यांच्या खाली आला की नाही, हे पाकीट बघून, दाबून किंवा हलवून कळत नाही. तो मोजावाच लागतो.

चिवडा, शेव, चकली, भाकरवडी, केळ्याचे वेफर्स असा कोरडा तळलेला माल पाकिटात भरणाऱ्या छोट्या आणि मध्यम कारखान्यांसाठी हा लेख आहे. बचत गटांनी घेतलेली छोटी मशीनंही त्यात आली. तक्रारी साधारण दोनच असतात: माल खवट झाला, नाहीतर सादळला. बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी मशीन येतं, मग सिलिंडर, मग पाकिटाच्या फिल्मचा स्वस्तातला रोल, आणि तेलाकडे लक्ष जातं ते तक्रारी सुरू झाल्यावर. खरा क्रम असा: माल, फिल्म, सील, गॅस, मोजणी, नमुने. आधीची पायरी कच्ची राहिली तर पुढची तिची भरपाई करू शकत नाही.

उदाहरण म्हणून पातळ पोह्यांचा चिवडा घेतलाय, कारण पॅकिंगमध्ये जे जे बिघडू शकतं ते सगळं त्याच्यात बिघडतं.

सावधान: ओल्या मालासाठी ही पद्धत वापरू नका

पनीर, पुरणपोळी, ओली चटणी, शिजवलेली भाजी, उकडीचे मोदक यांच्या पाकिटातला ऑक्सिजन काढून ती बाहेरच्या तापमानाला ठेवणं धोक्याचं आहे. ऑक्सिजन नसला की बुरशी थांबते, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूला ऑक्सिजन नसलेलीच जागा हवी असते. ओलावा भरपूर आणि आंबटपणा कमी असेल तर तो विष तयार करू शकतो, आणि मालाला वास येईल किंवा चव बदलेल याची काही खात्री नसते. अशा मालाला शीतसाखळी, वेगळं वायूमिश्रण आणि प्रयोगशाळेची तपासणी लागते. तो विषय पूर्ण वेगळा आहे. इथून पुढे सगळं फक्त कोरड्या मालाबद्दल.

पायरी १: माल गॅसच्या लायकीचा करा

नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो आणि तेलाचं ऑक्सिडेशन मंदावतो. त्याचं काम एवढंच. सुरू झालेला खवटपणा तो मागे नेत नाही, मालातला ओलावा शोषत नाही. म्हणून सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

तेल. टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तळून तळून तेलात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणीला वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तळणीचं तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवायची असते. पण २५ ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. गरम गरम खाऊन संपणाऱ्या भज्यांना ती चालेल. तीन महिने पाकिटात राहणाऱ्या चिवड्यासाठी त्याच्या बरंच आधी थांबायला हवं. कढईत बुडवायचा मीटर मिळतो. दर काही घाण्यांनी आकडा घ्या आणि आपली अंतर्गत मर्यादा १५च्या आसपास ठेवा, असं माझं मत आहे.

इथे एक चूक हमखास होते. वापरलेल्या तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेलात ऑक्सिडेशनने सुरुवातीला तयार होणाऱ्या पेरॉक्साइडांचं माप) तपासून घेतात आणि आकडा कमी आला की निर्धास्त होतात. तळणीच्या तापमानाला पेरॉक्साइडं टिकतच नाहीत, फुटून जातात. त्यामुळे थकलेल्या तेलातही आकडा कमी दिसतो. पेरॉक्साइड व्हॅल्यू तपासायची ती नव्या तेलाचा डबा आल्यावर आणि नंतर पाकिटातल्या मालातून काढलेल्या तेलाची. कढईतल्या तेलासाठी पोलर कंपाउंड्स आणि फ्री फॅटी ॲसिड (तेल फुटून सुटी झालेली आम्लं) बघा.

झारा, चाळणी, परात स्टीलचीच हवी. तांबं आणि पितळ तेलात अगदी थोडं उतरलं तरी तेल खवट होण्याचा वेग बराच वाढतो, लोखंडानेही वाढतो. गंजलेली चाळणी आजच बदला.

ओलावा. पोहे भाजून कोरडे होतात, पण चिवड्यात ओलावा येतो तो कढीपत्ता, मिरची आणि लसणातून. कढीपत्त्याचं तळलेलं पान चिमटीत घेऊन चुरा. पानाचा पातळ भाग लगेच चुरतो, त्यावर समाधान मानू नका. मधली शीर मोडून बघा. ती टचकन तुटली पाहिजे. वाकली तर पान आतून ओलं आहे आणि तो ओलावा आठवड्याभरात पोह्यांत उतरणार. मिरचीच्या तुकड्याची देठाकडची बाजू आणि लसणाच्या पाकळीचा मधला भाग असाच मोडून बघायचा.

बेदाणे हा वेगळाच प्रश्न आहे. चांगल्या पोह्यांची वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे मालातलं पाणी किती मोकळं आहे याचं शून्य ते एकमधलं माप, ०.३च्या आत असते, बेदाण्यांची ०.५च्या वर. एकाच बंद पाकिटात दोघं असले की पाणी बेदाण्यांकडून पोह्यांकडे जातंच. बेदाणे दगडासारखे होतात, पोहे सादळतात. सील कितीही पक्कं असो, गॅस कितीही शुद्ध असो, हे पाकिटाच्या आतच घडतं. तीन महिन्यांची मुदत हवी असेल तर बेदाणे काढून टाका किंवा वेगळ्या छोट्या पुडीत द्या.

खोबऱ्याच्या कापांबद्दलही गैरसमज आहे. त्यांना साबणासारखी चव आली की दोष ऑक्सिजनला दिला जातो. ती चव ओलाव्यामुळे तेल फुटून येते, त्याला ऑक्सिजन लागत नाही. नायट्रोजनचा इथे काही उपयोग नाही. काप पातळ करा, नीट वाळवा आणि बदामी रंगावर तळा.

थंड करणं. माल ३५ अंशांच्या खाली आल्याशिवाय पाकिटात जाऊ नये. गरम भरला तर आत बाष्प धरतं, आणि थंड झाल्यावर पाकीट आक्रसून गळकं असल्यासारखं दिसतं. पण थंड करायला म्हणून रात्रभर परातीत उघडा ठेवायचा नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. अशा हवेत तळलेले पोहे बघता बघता पाणी ओढतात. पंख्याखाली थंड झाला की लगेच अस्तर लावलेल्या घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. पॅकिंगच्या खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. भिंतीवर लावायचा आर्द्रतामापक काही शे रुपयांत येतो आणि त्याचा उपयोग खूप होतो.

*पुढे जाण्याआधी तपासा:* मालाचं तापमान ३५ अंशांच्या आत, एकूण ओलावा २ ते ३ टक्क्यांच्या आत, कढीपत्त्याची शीर तुटते, तेलाचा आकडा मर्यादेत. यातलं एक जरी चुकलं तर आजच्या मालाला लांब मुदत छापू नका.

पायरी २: फिल्म जाडीवर नको, अडथळ्यावर निवडा

‘शंभर मायक्रॉनची जाड पिशवी घेतलीय’ असं अभिमानाने सांगितलं जातं. जाडीने पिशवीला ताकद येते. ऑक्सिजन अडवण्याची ताकद थरांवर अवलंबून असते. साधी एलडी (पॉलिथिनची) पिशवी जाड असली तरी ऑक्सिजनसाठी जवळपास उघडीच.

पुरवठादाराकडे दोन आकडे मागा. ओटीआर म्हणजे एक चौरस मीटर फिल्ममधून चोवीस तासांत किती घनसेंटिमीटर ऑक्सिजन जातो तो आकडा, आणि डब्ल्यूव्हीटीआर म्हणजे तेवढ्याच फिल्ममधून किती ग्रॅम बाष्प जातं तो. कोणत्या तापमानाला आणि आर्द्रतेला मोजलंय हेही लिहून घ्या, नाहीतर दोन पुरवठादारांच्या आकड्यांची तुलना होत नाही.

हिशेब करून बघू. २० बाय २५ सेंटिमीटरचं पाकीट, दोन्ही बाजू मिळून ०.१ चौरस मीटर. माल सोडून आत मोकळी जागा ५०० घनसेंटिमीटर. फिल्म साधी, बीओपीपी आणि पॉली या प्लॅस्टिकच्या थरांची, ओटीआर समजा १२००. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो, त्यामुळे पाकिटात दिवसाला सुमारे २५ घनसेंटिमीटर ऑक्सिजन शिरणार. म्हणजे पहिल्याच दिवसात आतला ऑक्सिजन पाच टक्क्यांनी वाढला. आठवड्याभरात नायट्रोजनवर केलेला खर्च वाया गेला, आणि पाकीट मात्र अजून फुगलेलंच दिसतंय.

आता तेच पाकीट मेटलाइज्ड पॉलिएस्टरचा (धातूचा पातळ मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचा) थर असलेल्या फिल्मचं, ओटीआर १च्या आसपास. दिवसाला ०.०२ घनसेंटिमीटर. नव्वद दिवसांत दोनच्या आत, म्हणजे अर्धा टक्काही वाढ नाही. लांब मुदतीचं नमकीन बहुतेक चंदेरी पाकिटातच येतं त्याचं कारण हेच.

पारदर्शक खिडकीचा मोह टाळा. माल दिसतो हे खरं, पण दुकानातल्या ट्यूबलाइटचा प्रकाश थेट तेलावर पडतो आणि प्रकाशामुळे ऑक्सिडेशन उरल्यासुरल्या ऑक्सिजनवरही चालू राहतं.

*रोल आल्यावर तपासा:* रोलचा पहिला फाटका-चुरगळलेला भाग काढून टाका आणि पुढचा मीटरभर तुकडा उजेडाच्या दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे चमकणारे ठिपके किंवा घडीच्या रेषेवर उजेडाची बारीक रेघ दिसली तर मेटलचा थर तिथे तुटलाय. त्या लॉटचं प्रमाणपत्र मागा. दोन वर्षांपूर्वीचं सर्वसाधारण पत्रक चालवून घेऊ नका.

पायरी ३: सील आधी गॅसशिवाय जमवा

गॅस आणि सील दोन्ही एकदम जमवायला घेतलं की नेमकं काय चुकतंय ते कळत नाही. म्हणून गॅसचा कॉक बंद ठेवा.

सील तीन गोष्टींनी ठरतं: तापमान, जॉचा (पाकीट दाबून चिकटवणाऱ्या गरम जबड्याचा) दाब आणि जॉ बंद राहण्याचा वेळ. मशीन ज्या वेगाने रोज चालवणार त्याच वेगाला ठेवा. सील जेमतेम चिकटतंय अशा तापमानापासून सुरू करून पाच-पाच अंशांनी वाढवत जा. प्रत्येक टप्प्यावर पाच पाकिटं काढा, थंड होऊ द्या आणि हाताने फाडून बघा. सील सालीसारखं सुटत असेल तर तापमान कमी. सीलच्या कडेला फिल्म चुरगळली, पांढुरकी पडली किंवा तिथेच तुटली तर जास्त. या दोन टोकांच्या मधला आकडा घ्या. कसंबसं चिकटतं त्याच आकड्यावर थांबलात तर सकाळी व्होल्टेज उतरल्यावर सगळी पाकिटं सुटतील.

उशीच्या आकाराच्या पाकिटात मागची उभी शिवण आणि आडवं सील जिथे एकमेकांना छेदतात ती जागा सगळ्यात कच्ची. तिथे फिल्मचे थर दुपटीने वाढतात, बाजूला कमी असतात, आणि मधल्या पायरीत केसाएवढी फट राहते. पाकीट तपासताना नजर आधी तिथे जाऊ द्या.

मग माल टाकून चालवा, कारण रिकाम्या पाकिटाचं सील फसवं असतं. चिवड्याचा चुरा, तीळ, शेवेचा तुकडा किंवा नुसता तेलाचा थर जॉमध्ये सापडला की बाहेरून सील सरळ दिसतं, पण कणाच्या दोन्ही बाजूंना बोगदा राहतो. सील उजेडासमोर धरून नखाने हळूच चाचपा. बारीक उंचवटा लागला की तिथे कण आहे. उपाय सील होण्याआधीच्या टप्प्यांत आहे: पाकिटात पडण्याआधी चिवडा चाळून चुरा काढा, मसाला शेवटी वरून भुरभुरवू नका, आणि माल पूर्ण खाली पडल्यावरच जॉ बंद होईल असं टायमिंग लावा. जॉ दर तासाला पुसा. जॉवरचं टेफ्लॉन कापड काळं पडलं की लगेच बदला.

पायरी ४: गॅस

आधी सुरक्षितता. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, गुदमरल्याची जाणीवही तो होऊ देत नाही. बंद खोलीत सिलिंडर गळला तर माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला काही कळत नाही. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली जाणं असुरक्षित मानतात. सिलिंडर शक्यतो बाहेर, सावलीत, साखळीने बांधून ठेवा आणि नळी आत आणा. आर्द्रता कमी राखायला खोली बंद ठेवता ना? म्हणूनच ऑक्सिजन कमी झाल्यावर वाजणारा अलार्म तिथे लावाच.

गॅस फूड ग्रेड असावा आणि प्रत्येक खेपेला प्रमाणपत्र यावं. सिलिंडरऐवजी जनरेटर (हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारं यंत्र) असेल तर एक लक्षात ठेवा: जनरेटरमधून जितका जास्त गॅस ओढाल तितकी शुद्धता उतरते. पत्रकावर ९९.९ टक्के लिहिलेलं असतं ते ठरावीक प्रवाहाला. त्यामुळे शुद्धता मशीनच्या नोझलपाशी, मशीन पूर्ण वेगाने चालू असताना मोजायची. नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

किती गॅस लागतो? पाकिटात गॅस सोडताना तो आतल्या हवेत मिसळत मिसळत तिला बाहेर ढकलतो. मोकळ्या जागेइतका गॅस एकदा सोडला तर ऑक्सिजन शून्य होत नाही, साधारण ७.७ टक्के उरतो. दुप्पट सोडला तर २.८, तिप्पट सोडला तर १च्या थोडं वर. पाकिटाची मोकळी जागा एक लिटर आणि मशीनचा वेग मिनिटाला वीस पाकिटं असेल तर तिप्पट गॅससाठी मिनिटाला ६० लिटर लागणार. सात घनमीटरचा सिलिंडर मग दोन तासही पुरत नाही. एक सिलिंडर आठवडाभर चालतो असं कोणी सांगितलं तर त्याच्या पाकिटात नायट्रोजन फारसा जात नाही, हे मोजल्याशिवायही सांगता येईल. चेंबर व्हॅक्यूम मशीनमध्ये (यात पाकीट बंद पेटीत ठेवून आधी हवा ओढून घेतात) गणित वेगळं: ५० मिलिबारपर्यंत, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या साधारण विसाव्या हिश्शापर्यंत, हवा ओढून मग गॅस भरला तर ऑक्सिजन १ टक्क्याच्या आसपास उरतो आणि गॅसही कमी लागतो, पण वेग कमी मिळतो.

सावधान: ऑक्सिजन जास्त दिसतोय म्हणून कॉक आणखी उघडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. जोरात सुटलेला गॅस आजूबाजूची हवा आपल्याबरोबर आत ओढतो, वर चुरा उडवून सीलवर आणून बसवतो. प्रवाह वाढवूनही आकडा उतरत नसेल तर प्रवाह कमी करून बघा, नोझलचं टोक आणखी खाली आणा, आणि गॅस सुरू-बंद होण्याची वेळ तपासा. मंद आणि जास्त वेळ सोडलेला गॅस हवा चांगली ढकलतो.

पायरी ५: ऑक्सिजन मोजणं

पाकिटात सुई टोचून आतला ऑक्सिजन मोजणारा मीटर हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा खर्च आहे. बजेट कमी असेल तर मशीन छोटं घ्या, पण मीटर घ्या.

१. रोज सकाळी मीटर उघड्या हवेवर २०.९ला आणि शुद्ध नायट्रोजनवर शून्याला तपासा. फक्त हवेवर तपासून भागत नाही, कारण आपल्याला मोजायचंय ते शून्याजवळ. मीटरमधला इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर वापर न होताही म्हातारा होतो, त्याची मुदत लिहून ठेवा.

२. पाकिटावर रबरी चकती चिकटवा आणि तिच्यातून सुई घाला. चकतीशिवाय टोचलं तर भोकाच्या कडेने हवा आत जाते आणि चांगलं पाकीट नापास होतं.

३. सुईचं टोक मोकळ्या जागेत राहू द्या. मालात घुसलं तर चुरा आणि तेल फिल्टरमध्ये अडकतं.

४. आकडा स्थिर झाल्यावर लिहा. पाकीट दाबून गॅस सुईत ढकलू नका.

लक्ष्य २ टक्क्यांच्या खाली ठेवा. ३च्या वर गेला की मशीन थांबवा. शेंगदाणे, काजू जास्त असलेल्या मालाला १च्या खाली आणता आला तर उत्तम.

केव्हा मोजायचं? पाळी सुरू होताना सलग पाच पाकिटं, मग दर अर्ध्या तासाला दोन. त्याशिवाय सिलिंडर बदलल्यावर, रोल बदलल्यावर, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि मशीन कुठल्याही कारणाने थांबून सुरू झाल्यावर. मशीन थांबल्यावर फिल्मच्या नळकांड्यात हवा शिरते. पहिली दोन-चार पाकिटं बाजूला काढायची, हे ठरूनच गेलेलं असावं.

पोह्यांच्या बाबतीत आणखी एक मोजणी हवी. पोहे, कुरमुरे, खारी सच्छिद्र असतात, त्यांच्या आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर येते. पॅकिंगनंतर लगेच दीड टक्का दिसलेला ऑक्सिजन दुसऱ्या दिवशी अडीचवर गेलेला असू शकतो. त्यामुळे रोजच्या मालातली तीन पाकिटं चोवीस तासांनी मोजा. तोच आकडा खरा धरायचा.

याच्या उलट, दोन महिने जुन्या पाकिटात ऑक्सिजन अर्ध्या टक्क्यावर दिसला तर तेवढ्यावरून खूश होऊ नका. कदाचित तेलानेच तो खाल्ला असेल. पाकीट उघडून वास घ्या आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू बघा. १०च्या वर असेल तर ऑक्सिजन कुठे गेला ते कळलं.

पायरी ६: गळती शोधणं

पाकीट बादलीत बुडवून हाताने दाबण्याने फक्त मोठी भोकं सापडतात. झाकणाच्या पारदर्शक भांड्यात पाणी घेऊन त्यात पाकीट बुडवायचं आणि वरची हवा व्हॅक्यूम पंपाने ओढायची, ही पद्धत वापरा. पाकीट फुगतं आणि बारीक फटीतूनही बुडबुडे यायला लागतात. अर्धा मिनिट थांबा. शिवणीला चिकटलेले सुटे बुडबुडे म्हणजे गळती नव्हे, ते बाहेरच्या घडीतली हवा असते. एकाच बिंदूतून ओळीने बुडबुडे निघत राहिले की ती गळती. बिंदूवर पेनने खूण करा, पाकीट पुसा आणि ती जागा कापून बघा: कण, सुरकुती, की उभ्या शिवणीचा छेद? दिवसभरात त्याच जागी तीन खुणा झाल्या तर दोष जॉच्या त्याच भागात आहे.

ऑक्सिजन मोजणी आणि गळती तपासणी एकमेकींची जागा घेत नाहीत. भरल्यावर लगेच ०.८ टक्के दाखवणारं पाकीट गळकंही असू शकतं, हवा आत यायला वेळ मिळालेला नसतो इतकंच.

पायरी ७: नापास झाल्यावर काय

बरेच जण इथे कच्चे पडतात. साडेअकराला आकडा ३.६ आला, मशीन दुरुस्त केलं, ११.४०ला १.४ आला आणि काम पुढे सुरू. मग अकरा ते साडेअकरामधली पाकिटं? शेवटचा चांगला आकडा अकरा वाजताचा असेल तर त्यानंतरचा सगळा माल वेगळा काढायचा, त्यावर ‘थांबवा’ची चिठ्ठी लावायची आणि त्यातली पाकिटं मोजून निर्णय घ्यायचा. हे शक्य व्हावं म्हणून खोक्यांवर वेळ लिहायची सवय लावा. वेळ लिहिली नसेल तर अख्ख्या दिवसाचा माल अडकतो.

पाकिटं फोडून माल पुन्हा भरायचा तर त्याच पाळीत भरा. उद्याच्या ताज्या घाण्यात कालचा उघडा पडलेला माल मिसळू नका. थोडासा खवट माल सगळ्या घाण्याची मुदत खाली आणतो.

नोंदवहीत आकड्याच्या शेजारी कारण आणि केलेला बदल लिहिण्याची जागा हवी. ‘ठीक केले’ असं लिहिलेल्या नोंदीचा काही उपयोग नाही. ‘नोझल वर सरकला होता, दोन सेंटिमीटर खाली घेतला’ असं लिहिलं की पुढच्या महिन्यात तोच बिघाड पाच मिनिटांत सापडतो.

पायरी ८: राखीव नमुने, मुदत आणि तक्रारी

प्रत्येक बॅचची काही पाकिटं मुदत संपेपर्यंत, आणि त्यानंतरही महिनाभर, राखून ठेवा. थंड कपाटात नको. दुकानात माल जसा राहतो तशा उबेला आणि उजेडाला ठेवा.

मुदत दुसऱ्याच्या पाकिटावरून उचलू नका. त्याचं तेल, फिल्म, सील तुमचं नाही. घाईत अंदाज हवा असेल तर काही पाकिटं ३८-४० अंशांना ठेवून दर आठवड्याला उघडा. दहा अंशांनी तापमान वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरतात. तो ढोबळ आडाखा आहे, छापायची तारीख खऱ्या तापमानाला ठेवलेल्या नमुन्यांवरूनच ठरवा.

याच्याबरोबर एक साधा प्रयोग जरूर करा. एकाच घाण्याचा माल, एकाच फिल्ममध्ये, निम्मी पाकिटं नायट्रोजनची आणि निम्मी साध्या हवेची. महिन्याने, दोन महिन्यांनी दोन्ही उघडा आणि कोणतं पाकीट कुठलं हे न सांगता चार जणांना वास आणि चव बघायला द्या. फरक कळला नाही तर अडचण नायट्रोजनच्या आधीच्या पायऱ्यांत आहे: तेलात, ओलाव्यात किंवा फिल्ममध्ये.

तक्रार आली की लक्षणावरून मागे जा. सादळला पण खवट नाही: ओलावा, बेदाणे किंवा सील. खवट पण कुरकुरीत: तेल, उरलेला ऑक्सिजन किंवा प्रकाश. साबणाची चव: खोबरं. पाकीट आक्रसलेलं पण आतला ऑक्सिजन कमी: माल गरम भरला गेला.

पाकीट आक्रसण्याचं किंवा फुटण्याचं आणखी एक कारण उंचीचं असतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे. मुंबईत भरलेल्या पाकिटातला गॅस तिथे पोचेपर्यंत सहाव्या हिश्शाने फुगतो, आणि तिथे भरलेलं पाकीट मुंबईत चपटं दिसतं. दिवाळीचा फराळ विमानाने परदेशी पाठवणाऱ्यांनी तर हे ध्यानात धरायलाच हवं. विमानात हवेचा दाब बराच उतरतो आणि गॅस तिसऱ्या हिश्शापर्यंत फुगू शकतो. अशा पार्सलसाठी पाकीट टम्म न भरता सैल ठेवा, ऑक्सिजनचा आकडा मात्र तोच राहिला पाहिजे. पाठवण्याआधी त्यातली दोन पाकिटं गळती तपासायच्या भांड्यात पाण्याशिवाय ठेवून दाब पाव हिश्शाने उतरवा आणि काही मिनिटं तसंच राहू द्या. सील सुटलं नाही तर पार्सल बांधायला घ्या.

ग्राहकाला पाकीट परत मागताना ते दुमडून, रिकामं करून पाठवायला सांगू नका. उघडलेलं असलं तरी दोन्ही टोकांची सीलं शाबूत हवीत, आणि बॅच नंबरचा फोटो आधी मागवून त्याच बॅचचा राखीव नमुना त्याच दिवशी उघडा.